जंतू मरावेत, मांस जगावं

खुरपताना बोट कापतं. बाभळीचा काटा पायात मोडतो. चुलीपाशी हात भाजतो. गावात रोज कुणाला ना कुणाला जखम होते. मग आपण काय करतो? घरात जी बाटली सापडेल ती काढतो. कुणी स्पिरिट ओततो. कुणी पाण्यात टाकल्यावर दुधासारखं होणारं औषध पाणी न घालता तसंच चोळतो. कुणी तर गोठ्यातलं फिनेल आणतो. जखम झणझणते. डोळ्यांना पाणी येते. शेजारचा म्हणतो, "झोंबलं ना? मग औषध लागलं!"

आम्हीही पुष्कळ वर्षे हेच म्हणत होतो. ते चूक होते. कसे चूक होते, ते या धड्यात सांगतो.

१. आमची चूक

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मास्तर होतो, पुढे हेडमास्तर झालो. शाळेत औषधांची एक लाकडी पेटी होती. तिच्यात कापूस होता, पट्ट्या होत्या आणि टिंक्चर आयोडीनची बाटली होती. एकदा चौथीतला एक मुलगा पटांगणावर पडला. गुडघा सोलून निघाला. आम्ही बोळा भिजवून गुडघ्यावर दाबला. पोरगं कळवळलं. आम्ही म्हणालो, "झोंबतंय? झोंबू दे. जंतू मरतायत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज प्रार्थना झाली की त्याला बोलवायचे आणि औषध लावायचे. तीन आठवडे झाले तरी जखम भरेना. कडेची कातडी काळवंडली. मुलाची आई विड्या वळायला जात असे. ती शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, रोज औषध लावताय, मग बरं का होईना?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी जखम पाहिली, बाटली पाहिली आणि ते हसून म्हणाले, "गुरुजी, जंतू तर मारलेत. पण रोज नवं मांस येत होतं, ते पण रोज मारलंत की!"

त्यांनी बाटली बंद करायला सांगितली. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन झाकून ठेवायला सांगितली. आठ-दहा दिवसांत गुडघा भरून आला. डाग मात्र राहिला. पोर मुकाट्याने सोसत होतं आणि आम्हाला वाटत होतं की आपण उपकार करतोय. ती गोष्ट आम्ही विसरलो नाही.

२. तण आणि पीक

आता एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. भिंत विटांची असते. आपले शरीर पेशींचे असते. पेशी म्हणजे शरीराची बारीक जिवंत वीट. ती इतकी लहान असते की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. कातडी पेशींची, मांस पेशींचे, रक्तातही पेशीच.

जंतू हाही एक जिवंत जीव आहे. बहुतेक जंतू म्हणजे एकच पेशी.

जंतुनाशक औषध जंतूची पेशी फोडते किंवा जाळते. पण जखमेत आपल्याही पेशी उघड्या पडलेल्या असतात. औषधाला आपला कोण, परका कोण, हे कळत नाही. समोर येईल त्याला ते मारते.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. बांधावरचे गवत जाळणारे औषध तुरीवर पडले तर काय होते? तण मरते आणि तूरही मरते. म्हणून आपण विचारतो, "हे औषध कुठल्या पिकात चालतं? पंपाला किती टाकायचं?" जखमेचेही तसेच आहे. तण मेलं पाहिजे, पण पीक जगलं पाहिजे. हा प्रश्न आपण पंपापाशी विचारतो, जखमेपाशी विचारत नाही.

अख्ख्या कातडीची गोष्ट निराळी. तिच्या वरच्या थरातल्या पेशी मेलेल्या आणि टणक असतात. त्या चिलखतासारख्या असतात. म्हणून सुई टोचण्याआधी दंडाला स्पिरिट लावतात, ते चालते. जखमेत हे चिलखतच फाटलेले असते.

३. लिस्टर आणि गाडीखाली सापडलेला मुलगा

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोठी जखम म्हणजे बहुधा मरणच असे. जखम सडे, अंगात विष भिनत असे. जखमेत जंतू शिरतात, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते.

विलायतेत ग्लासगो गावी जोसेफ लिस्टर नावाचे शस्त्रवैद्य होते. फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी सिद्ध केले होते की पदार्थ नासतात ते जंतूंमुळे. लिस्टर यांना वाटले, जखमही अशीच नासत असेल. त्या वेळी गटाराच्या पाण्याची घाण घालवायला कार्बोलिक ॲसिड वापरत. ते दगडी कोळशाच्या डांबरापासून काढत. लिस्टर यांनी ते जखमेवर वापरायचे ठरवले.

१८६५ सालच्या ऑगस्टमध्ये अकरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला. त्याच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते. हाड मोडून जखम उघडी पडली होती. असा पाय तेव्हा कापूनच टाकत. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिकची पट्टी बांधली. जखम सडली नाही. सुमारे सहा आठवड्यांत पाय बरा झाला.

मोठीच गोष्ट झाली. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. कार्बोलिकने जखमेभोवतालची कातडी पोळली. लिस्टर यांनी मग औषध पातळ करून वापरले. पुढे शस्त्रवैद्यांच्या हातांनाही हे औषध सोसेना. हात सोलत, भेगा पडत. जंतू मारणारे औषध माणसालाही लागते, हे तेव्हापासूनच दिसत होते. पण किती लागते, हे कुणी मोजले नव्हते.

४. फ्लेमिंग यांची काचेची जखम

ते मोजले पहिल्या महायुद्धात. हे युद्ध १९१४ ते १९१८ या काळात झाले. तोफगोळ्यांनी सैनिकांच्या जखमा खोल आणि वेड्यावाकड्या होत. जखमांत माती जाई, कपड्यांच्या चिंध्या जात. डॉक्टर भरपूर जंतुनाशक ओतत. तरी जखमा सडत आणि माणसे दगावत.

फ्रान्समध्ये बुलोन गावी लष्करी इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी दोन प्रयोग केले.

पहिला प्रयोग असा. त्यांनी काचेची एक नळी घेतली. ती तापवून तिच्या कडेला काट्यांसारखी पोकळ टोके काढली. खोल जखमेत असे कानेकोपरे असतात, म्हणून ही काचेची जखम! तिच्यात त्यांनी जंतू असलेला द्रव भरला. मग तो ओतून जंतुनाशक भरले. तेही ओतून टाकले आणि जंतू नसलेला स्वच्छ द्रव भरला. थोड्या वेळाने पाहिले तर त्या स्वच्छ द्रवात पुन्हा जंतू वाढलेले! टोकांत लपलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचलेच नव्हते.

दुसरा प्रयोग रक्ताचा. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शरीराच्या राखणदार. जंतू आला की त्याला धरतात आणि गिळतात. पू म्हणजे पुष्कळसे हे मेलेले राखणदारच. फ्लेमिंग यांनी रक्तात जंतू सोडले. राखणदारांनी ते मारले. मग त्यांनी तशाच रक्तात थोडे कार्बोलिक घातले. तेवढ्याने जंतू मेले नाहीत. राखणदार मात्र मेले. आणि जंतू मोकाट वाढले!

पाहा, चोर राहिला आणि राखणदार मेला. औषध न घालता जे झाले असते, त्याहून वाईट झाले.

फ्लेमिंग आणि त्यांचे गुरू आल्मरॉथ राइट यांनी सांगितले, खोल जखमेत तीव्र औषधे ओतू नका. मेलेले मांस काढा, मिठाच्या पाण्याने धुवा, राखणदारांना काम करू द्या. पुष्कळ डॉक्टरांना तेव्हा हे पटले नाही.

याच फ्लेमिंग यांना १९२८ साली एका बुरशीत पेनिसिलीन सापडले. तेव्हाही त्यांनी पाहिले की या औषधाने पांढऱ्या पेशी मरतात का? मरत नव्हत्या. जंतू मात्र मरत होते. तण मारणारे आणि पीक राखणारे औषध मिळाले. पुढे ते आपल्या महाराष्ट्रातही तयार होऊ लागले. त्यासाठी पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी कारखाना निघाला.

५. कसोटी कशी घेतात?

आता ही कसोटी प्रयोगशाळेत घेतात. समजायला सोपी आहे.

दोन चपट्या काचेच्या वाट्या घ्या. एकीत जंतू वाढवा. दुसरीत माणसाच्या कातडीतल्या जिवंत पेशी वाढवा. दोन्हींत एकच औषध, एकाच मापाने घाला. ठरलेला वेळ थांबा. मग मोजा. जंतू किती मेले? पेशी किती मेल्या? नंतर औषध आणखी पातळ करा आणि पुन्हा मोजा. असे करत करत ते माप शोधायचे, ज्यात जंतू मरतात आणि पेशी जगतात.

१९८५ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी असे प्रयोग छापले. त्यांनी जखम भरून आणणाऱ्या पेशी घेतल्या. पोव्हिडोन आयोडीन म्हणजे दवाखान्यातले तपकिरी औषध. ते शंभर भागांत एक भाग असताना या पेशी मेल्या. ते लाखात एक भाग इतके पातळ केले, तेव्हा पेशी जगल्या आणि जंतू मेले.

फेस येणाऱ्या औषधाचे, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचे, तसे झाले नाही. ते कितीही पातळ केले तरी आधी पेशी मरत होत्या, मग जंतू. फेस पाहून आपल्याला बरे वाटते. पण फेस म्हणजे गुण नव्हे.

एक गोष्ट सांगायला हवी. वाटी म्हणजे माणूस नव्हे. खऱ्या जखमेत रक्त आणि पू असतात. ते औषधाचा जोर कमी करतात. म्हणून लाखात एक भाग हे माप घरी धरू नका. ते माप प्रयोगशाळेचे. जखमेचे माप डॉक्टर ठरवतात. आपण एवढेच शिकायचे की जास्त औषध म्हणजे जास्त गुण नव्हे.

६. आपल्या सोलापुरात झालेला प्रयोग

आता दूरदेशीचे सोडा. आपल्या सोलापुरात काय झाले ते पाहा.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम नावाचे शस्त्रवैद्य होते. भाजलेल्या जखमांवर तेव्हा जगभर चांदीचे पांढरे मलम लावत. त्याचे नाव सिल्व्हर सल्फाडायझीन. ते जंतू मारते. पण नव्या कातडीच्या पेशींनाही ते जाचते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. डॉ. सुब्रह्मण्यम यांनी या मलमाची मधाशी तुलना केली.

वरवर भाजलेले १०४ रोगी घेतले. ५२ जणांच्या जखमांवर मध लावला. ५२ जणांना चांदीचे मलम लावले. १९९१ साली हा प्रयोग विलायतेच्या शस्त्रवैद्यांच्या मासिकात छापून आला. मधाच्या गटात सात दिवसांत शेकडा ९१ जखमा जंतूंपासून मोकळ्या झाल्या. पंधरा दिवसांत शेकडा ८७ जखमा भरल्या. मलमाच्या गटात पंधरा दिवसांत शेकडा १० जखमाच भरल्या.

नुसते जंतू मोजून ते थांबले नाहीत. मांसही तपासले. १९९८ साली त्यांचा आणखी एक प्रयोग छापला गेला. त्यात दोन गट होते, प्रत्येकी २५ रोग्यांचे. जखमेचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सूक्ष्मदर्शक म्हणजे बारीक वस्तू मोठी दाखवणारे यंत्र. सातव्या दिवशी मधाच्या गटात २५ पैकी २० जखमांत नवे मांस धरू लागले होते. मलमाच्या गटात २५ पैकी १३ जखमांत.

मधात असे काय आहे? मध दाट आणि गोड. तो जंतूंतले पाणी ओढून घेतो. तो थोडा आंबट असतो, आणि आंबटपणात जंतू वाढत नाहीत. तिसरी गोष्ट मोठी गमतीची. जखमेतले पाणी मधात मिसळले की मधातून तेच फेसाचे औषध तयार होते, हायड्रोजन पेरॉक्साइड! पण बाटलीतल्यापेक्षा कितीतरी पट कमी आणि हळूहळू. जंतूंना पुरते, पेशींना फार जाचत नाही. वस्तू तीच, माप निराळे.

एका गावच्या प्रयोगावर भिस्त ठेवत नाहीत. पुढे इतर ठिकाणीही असे प्रयोग झाले. सगळीकडे आकडे इतके मोठे आले नाहीत. पण सगळे मिळून पाहिले, तेव्हा वरवर भाजलेली जखम मधाने काही दिवस लवकर भरते असेच दिसले.

म्हणून घरातला मध जखमेवर ओतू नका हं! घरच्या मधात धूळ असते, कधी गूळ मिसळलेला असतो, कधी जंतूही असतात. दवाखान्यासाठी जंतू मारून शुद्ध केलेला मध वेगळा मिळतो. तो लावायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

७. मग घरी काय करावं?

साधी जखम झाली तर :

आधी आपले हात साबणाने धुवा. मग जखम स्वच्छ, पिण्याजोग्या पाण्याने धुवा. पाण्याची धार धरा. माती, खडे, काडी निघून जाऊ द्या. पाण्याची खात्री नसेल तर ते उकळून, गार करून वापरा. ही जखमेची खुरपणी. जंतू पाण्याबरोबर वाहून जातात आणि पेशीही मरत नाहीत. मग स्वच्छ कपड्याची किंवा पट्टीची झाकण घाला. माती, शेण, चुना, तंबाखू, हळदीची जुनी पूड जखमेत भरू नका.

भाजलं तर : भाजलेल्या जागेवर साध्या पाण्याची धार वीस मिनिटे धरा. बर्फ नको. शाई, टूथपेस्ट, तेल नको. फोड फोडू नका. भाजणे मोठे असेल, किंवा तोंडावर, हातावर असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

कुत्रं चावलं तर : इथे नियम थोडा निराळा. जखम साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. त्यानंतर आयोडीनचे औषध लावा. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचायला सुरुवात करा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाने माणूस वाचत नाही. जिवाशी गाठ असताना थोड्या पेशी मेल्या तरी चालतील. तोलून पाहायचे ते असे.

खोल जखम, गंजलेला खिळा, मातीत झालेली जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन विचारा. रक्त थांबत नसेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप येत असेल तर घरी थांबू नका.

साखरेचा आजार असलेल्यांनी जास्त सांभाळावे. त्यांच्या पायाला कधी कधी झोंबतही नाही. जखम झाली हे कळत नाही, औषधाने मांस जळते हेही कळत नाही. त्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत आणि जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवावी.

याचा अर्थ जंतुनाशक औषधे वाईट असा नाही. फरशी, संडास, भांडी, हत्यारे यांना ती हवीतच. फिनेल फरशीचे आहे. ते तिथेच राहू द्या. उघड्या मांसावर मात्र डॉक्टर सांगतील तेच, तेवढेच आणि तितकेच दिवस.

८. बाटली वाचा

आता तुम्हाला वाचता येते. आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातली औषधाची बाटली हातात घ्या. तिच्यावरचा कागद वाचा. औषध कशासाठी आहे? फरशीसाठी की कातडीसाठी? किती पाण्यात किती टाकायचे? मुदत कधी संपते? अक्षर बारीक असेल तर मुलाला बोलवा आणि दोघे मिळून वाचा. कागद इंग्रजीत असेल तर शिकलेल्या माणसाकडून माप समजून घ्या आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून बाटलीवर चिकटवा.

आम्हाला तर तेव्हाही वाचता येत होते. तरी आम्ही बाटली वाचली नाही. त्याचे दुखणे एका पोराने तीन आठवडे सोसले. तुम्ही तसे करू नका.

शब्दांचे अर्थ

पेशी : शरीराचा सगळ्यात बारीक जिवंत भाग
जंतुनाशक : जंतू मारणारे औषध
शस्त्रवैद्य : कापून, शिवून इलाज करणारा डॉक्टर
कसोटी : परीक्षा
शेकडा : दर शंभरात

प्रश्न

१. औषध झोंबले म्हणजे गुण आला, असे म्हणणे बरोबर आहे का? का?
२. फ्लेमिंग यांनी रक्तात कार्बोलिक घातल्यावर काय झाले?
३. सोलापूरच्या प्रयोगात प्रत्येक गटात २५ रोगी होते. सातव्या दिवशी मधाच्या गटात किती जखमांत नवे मांस धरू लागले होते? मलमाच्या गटापेक्षा त्या किती जास्त?
४. कुत्रे चावल्यावर जखम किती मिनिटे धुवावी? कशाने?
५. तुमच्या घरातल्या एका बाटलीवरचे माप पाटीवर लिहून आणा.